फोनसाखळीतलं सातवं नाव

"अरुणाताई, थट्टा करता का? आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलता. तुम्ही कसल्या बहिऱ्या?"

अध्यक्ष नंदन हसले, तशी कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळाच्या बेसमेंटमध्ये चहा पीत बसलेली मंडळीही हसली. इंजिनियर, डॉक्टर, प्राध्यापक. पदव्यांना तोटा नव्हता. अरुणाताईंनी एवढंच मागितलं होतं, की हिमवादळात कार्यक्रम रद्द झाला तर एकाने पुढच्याला फोन करायच्या मंडळाच्या फोनसाखळीतून मला वगळा, ई-मेल टाका. अठ्ठाविसाव्या वर्षी मेंदूज्वरात त्यांचे कान पूर्ण गेले होते; वाचा तेवढी राहिली होती.

"हिला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं हो," उमामावशी शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाल्या. सुटीसाठी रेजिनाहून आलेल्या अरुणाताईंच्या मुलीने, ऊर्मीने ते ऐकलं. आईने ते ओठांवरून वाचलं आणि कप विसळायला उठली.

सुटी संपवून ऊर्मी रेजिनाला परतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळपासून बर्फ कोसळत होतं. साखळी फिरली. सातव्या नावाला उमामावशींनी ग्वेल्फला अरुणाताईंच्या घरी फोन लावला, ऊर्मीसाठी ठेवलेल्या मशीनवर निरोप ठेवला आणि कर्तव्य संपवलं. अरुणाताई तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन निघाल्या. वाटेत गाडी घसरून समोरच्या ट्रकवर गेली.

शोकसभा त्याच बेसमेंटमध्ये झाली. नंदन गहिवरून म्हणाले, "बहिरेपणावर मात करणाऱ्या व्यक्तीला दरवर्षी अरुणाताईंच्या नावाने पुरस्कार देऊ."

"तिचं नाव नको," ऊर्मी म्हणाली. "आईने कशावर मात केली नव्हती. ती बहिरी होती, आणि ते तिने तुम्हाला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं."

"अगं, मी मेसेज ठेवला होता ना!" उमामावशी रडवेल्या झाल्या.

"मी ऐकला, मावशी. 'उचल गं फोन, पुरे झाली नाटकं,' म्हणालात. रेजिनाहून आले, आईच्या घरून पोलीस गेल्यावर ऐकला."

फोनसाखळीचा कागद टेबलावर होता. ऊर्मीने त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'फोन ऐकू येत नसेल तर नावापुढे ई-मेल लिहा', आणि पुढे सरकवला. मान्यवर तो हाताला चिकटेल या भीतीने पुढे ढकलत होते.

राजनकाकांपाशी तो थांबला. निवृत्त प्राध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, प्रत्येक भाषणाला मान डोलावणारे.

"अहो, तुम्हाला कशाला हवाय तो?" त्यांच्या बायकोने कागद ओढला.

त्यांनी तो परत घेतला, खिशातून पेन काढलं आणि आपल्या नावापुढे सावकाश ई-मेल लिहायला घेतला.