उभ्या गाडीचा विमा

"काका, बोट जमिनीवर उभी आहे. आता ती काय मातीत बुडणार आहे का?"

विमाकाका बोटीच्या पोटाखाली उकिडवे बसून लाकडी टेकू एकेक करून हलवून बघत होते. त्यांनी मान बाहेर काढली नाही. खालूनच म्हणाले, "गेल्या साली तुझ्या सीटा कुणी कुरतडल्या? माशांनी?"

वर रंग लावणारे दोघे खो खो हसले. बोटवालाही हसला, पण हार मानेना. "काही म्हणा, उभ्या बोटीचा विमा म्हणजे झोपलेल्या माणसाला हेल्मेट!"

"झोपलेला माणूसच खाटेवरून पडतो," काका म्हणाले आणि गुडघे झटकत उठले. "हा मागचा टेकू बदल. मग सही घेतो."

पाहुण्यांचा हंगाम संपला की चार महिने या किनाऱ्यावर काहीच चालत नसे. फेऱ्या मारणाऱ्या बोटी ओढून आवारात आणून ठेवत, भाड्याच्या मोटरसायकली शेडमध्ये रांगेने उभ्या राहत, आणि सगळ्यांना रिकामा वेळ मिळे. विमाकाकांना मात्र तेव्हाच उसंत नसे. तीस वर्षं ते एका खोलीच्या विमा कचेरीत नोकरी करत होते आणि त्यांचं ठाम मत होतं की चालणाऱ्या वस्तूपेक्षा उभी वस्तू लवकर खराब होते. वही, टॉर्च आणि फडकं घेऊन ते बोट न् बोट, गाडी न् गाडी बघत. ज्या गाडीला हात लावला नाही किंवा जिचा कागद खरा नाही, तिच्यावर शिक्का मारायचा नाही, हा त्यांचा नेम.

तो नेम त्यांनी एकाच ठिकाणी मोडला होता, आणि त्या दिवशी त्यांना तिथंच जायचं होतं.

आवाराच्या टोकाला ताडपत्री शिवण्याची शेड होती. बोटींची सगळी कव्हरं तिथंच शिवली जात. शिवणाऱ्या बाई म्हणजे काकांच्या मित्राची, इंजिनवाल्या मिस्त्रीची बायको. म्हणून त्या वहिनी आणि काका त्यांचे भावजी. मिस्त्रीला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याची मोटरसायकल मशीनच्या मागे भिंतीला लागून उभी असे. वहिनींनी तिला अंगाबरोबर बसेल असं कव्हर शिवलं होतं, आरशांना वेगळे कानसुद्धा होते. दर आठवड्याला त्या गाडी पुसत आणि दर वर्षी तिचा विमा भरत.

"बसा भावजी. एवढी शिवण संपवते."

काका बसले नाहीत. "वहिनी, यंदा मुख्य कचेरीनं नवीन काढलंय. गाडी आणि मालक, दोघांचा एकत्र फोटो लागतो."

मशीन थांबलं.

"मालकाचा," वहिनी म्हणाल्या.

"हो. आणि..." काकांनी फडक्यानं हात पुसले. हात स्वच्छच होते. "चूक माझी आहे. तो गेल्यावर लगेच नाव बदलायला हवं होतं. तुम्ही कागद पुढे केलात, त्यावर त्याचं नाव होतं. माझ्यानं खोडवलं नाही. मग पुढच्या सालीही नाही. खरं सांगायचं तर या सहा वर्षांत गाडीला काही झालं असतं, तर तो कागद काही कामाचा नव्हता."

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही मला खोटा कागद देत होता?"

"हो."

वहिनींनी मशीनखालची ताडपत्री ओढून धागा कापला. काकाच पुढे म्हणाले, "भाड्याच्या गाड्यांवाला केव्हाही घ्यायला तयार आहे. चांगल्या हातात जाईल."

"चार दिवस द्या," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

काकांनी घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "इतकी वर्षं माझ्या वाटाण्याच्या भाजीत मिठावरून चुका काढता, आणि स्वतःच्या कामात हे?" मग म्हणाली, "पण खोडवलं नाही, हे ऐकून बरं वाटलं बाई."

चौथ्या दिवशी वहिनी स्वतः कचेरीत आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"नाव माझं घाला."

काकांचा जीव भांड्यात पडला. "उत्तम. आजच अर्ज..."

"थांबा. माझ्या नावावर घ्यायची आणि भिंतीला टेकवून ठेवायची, तर ते नाव तरी कशाला? मला गाडी शिकवा."

"मी? वहिनी, मी जन्मभर स्कूटर चालवली."

"तिला काय तीन चाकं असतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बॅटरी आणि नवं तेल घालून आवारात गाडी बाहेर निघाली आणि पाच मिनिटांत बातमी सगळीकडे झाली. हंगाम बंद, हाताला काम नाही. बघता बघता डझनभर मास्तर जमले. "क्लच हळू सोडा!" "अहो, आधी गिअर टाकू द्या त्यांना!" "मावशी, समोर बघा, खाली काय पडलंय?" रंगवाले ब्रश घेऊन शिडीवर बसले होते. ज्यानं उभ्या आयुष्यात गाडीला हात लावला नव्हता, तो सर्वांत मोठ्यानं ओरडत होता. काका सीटच्या मागचा दांडा धरून, छत्तिसाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच, धावत होते.

पहिल्या दिवशी गाडी सतरा वेळा बंद पडली. तिसऱ्या दिवशी ती बंद पडली नाही, पण वळलीही नाही. सरळ जाऊन लाइफ जॅकेटच्या ढिगात घुसली. सगळे धावले. ढिगातून आधी एक चप्पल दिसली, मग वहिनी. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"भावजी, याची भरपाई मिळते का हो?"

"जॅकेटांची की माझी?" काका धापा टाकत म्हणाले. मिस्त्री गेल्यापासून वहिनींना असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

वहिनींच्या मुलीचा फोन आला. कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवलंच होतं. "आई, या वयात?"

"याच वयात," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या वयात जमायचं नाही."

दीड महिन्यानं परीक्षा झाली. साहेबानं विचारलं, सारखं पायाकडे का बघता? वहिनींनी सांगितलं, गिअर जागेवर आहे का बघते. साहेब हसला, पण पुन्हा एक फेरी मारायला लावली. दुसऱ्या फेरीत त्यांनी पायाकडे एकदाही बघितलं नाही. परवाना मिळाला.

मग फोटो. वहिनी इस्त्रीची साडी नेसून गाडीशेजारी उभ्या राहिल्या, आणि आवारातले सगळे आपापलं काम असल्यासारखे हळूहळू मागे येऊन उभे राहिले. मुख्य कचेरीनं तो फोटो परत पाठवला. मालक एकच असावा, फोटोत अकरा इसम दिसतात, असा शेरा. काकांनी तो शेरा आवारात मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसरा फोटो नीट काढू दिला.

नवा कागद आला त्या दिवशी काका तो घेऊन शेडवर गेले. वहिनींनी वरून खालपर्यंत वाचला. स्वतःच्या नावावर एकदा बोट फिरवलं, घडी घातली आणि पेटीत ठेवला. "आता हा खरा ना?"

"हा खरा."

"मग मी पुलापलीकडच्या धक्क्यावर कव्हर पोचवून येते. तिकडच्यांना नेहमी हातगाडीची वाट बघावी लागते."

त्यांनी कव्हराची गुंडाळी मागे बांधली, किक मारली आणि निघाल्या. काकांना कचेरीत काम होतं. ते गेले नाहीत. उगाच एका बोटीचे टेकू पुन्हा तपासले, मग दुसरीचे. रस्त्यावर कुठलाही आवाज आला की टॉर्च खाली ठेवून बघत.

दीड तासानं गाडी आली. मागे गुंडाळी नव्हती. वहिनींनी गाडी शेडच्या दारात थांबवली, स्टँडवर चढवली आणि हेल्मेट काढलं. चेहरा वाऱ्यानं लाल झाला होता, केस विस्कटले होते.

"काय वहिनी? त्रास नाही ना झाला?"

"छे! मस्त गेले. परतताना तर गाणं म्हणत आले." त्या हसत होत्या. मग डावा खांदा चोळत पुलाकडे बघायला लागल्या. "भावजी, पुलावर वारा किती ढकलतो हो."

"तिथं आहेच तो. नेहमीचा."

"हे रोज घरी आल्यावर सांगायचे. मला वाटायचं, काहीतरीच." त्यांनी हेल्मेट सीटवर ठेवलं. "बावीस वर्षं त्यांच्या मागे बसून त्या पुलावरून गेले. कधी लागलाच नाही मला."

वहिनींनी हातानं केस सारखे केले आणि पुलाकडे बघत आणखी थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या.