एक मिलिमीटरची खाच

जेवणं आटोपून दिवे मालवले, की शेन्झेनमधलं ते ऑफिस दोन वाजेपर्यंत घोरतं. टेबलांखालून घडीच्या खाटा निघाल्या, डोळ्यांवर पट्ट्या चढल्या. जागी एकटी पेइजन.

अकरा वर्षं सोल्डरिंगचे डाग देण्याच्या बाकावर काढता काढता बाई सर्किट बोर्ड आखायला आपली आपण शिकली होती. राइस कुकरचा हा तिचा पहिला बोर्ड. दोनला फाइल कारखान्यात जायची. सुरक्षा-चाचणीच्या प्रयोगशाळेत बोर्ड नापास झाला, तर तिला पुन्हा तोच बाक.

संगणकाने तपासून ‘चुका शून्य’ म्हटलं होतं. त्याच खुशीत पेइजन उगाच त्या तपासणीच्या नियमांचे आकडे चाळायला लागली आणि मधेच अडली. आकडे खेळण्यातल्या मोटारीचे होते! ऑफिसातल्या एका जुन्या कामाची नियमांची फाइल तिने जशीच्या तशी उचलली होती. तिथे सहा व्होल्ट. इथे भिंतीतले दोनशेवीस.

तिने सुरक्षेचं मानक उघडलं. भिंतीतली वीज आणि बोटं लागतात ती बटणं, यांच्यात हवेतून तीन मिलिमीटर, बोर्डाच्या अंगावरून पाच, एवढं अंतर हवंच. तिचं अंतर चार! सरकवायला तसूभर जागा नाही.

मग ती ताडकन उठली. बोर्डाच्या अंगावरूनच सरपटते ना ही वीज? तर वाटेत खंदक खणू! मिलिमीटरभर रुंद, आरपार. जाऊ दे भवानीला वळसा घालून!

पण तिचं काम तपासून सही करणाऱ्या क्वांग मास्तरांच्या संमतीशिवाय फाइल बदलत नाही, आणि दुपारच्या झोपेतून इथे मालकालाही कुणी उठवत नाही.

“मास्तर, उठा.”

“आग लागलीय?”

“अजून नाही.”

“मग लागली की उठव.”

“कुणाच्यातरी स्वयंपाकघरात लागेल, मास्तर.”

पट्टी कपाळावर गेली. मास्तर पडद्यात नाक खुपसून बघत राहिले.

“टोकाकडून वळसा किती?”

“सहा पूर्णांक दोन. तीनदा मोजलाय.”

“आणि खेळण्याचे आकडे कुठल्या मूर्खाने घातले?”

“मी.”

“त्यावर सही कुणाची?”

पेइजनने पडद्याच्या कोपऱ्यातल्या सहीकडे पाहिलं.

“बोल की! माझीच. पाड खाच.”

दोनला पाच कमी असताना फाइल गेली. लगेच कारखान्यातून विचारणा: “मधेच भोक दिसतंय. चुकून राहिलं का? बुजवू?”

“मुद्दाम आहे. आरपार पाडा,” पेइजनने धडाधड टाइप केलं.

“बुजवलंत तर तिथे येऊन कान उपटीन, असंही लिही!” मास्तर ओरडले, आणि सगळं ऑफिस दचकून उठून बसलं.

“आणि पेइजन, प्रयोगशाळेत तूच जायचंस. पुढचा बोर्ड केटलीचा. तोही तुझाच.”