परीक्षेचा पियानो

मित्रांनो, ज्याच्यावर हात बसवून शंभराहून अधिक माणसे ट्यूनर झाली, तो जुना पियानो मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कारागिरांनी माझ्या पोटात दोनशेवर तारा ताणल्या आणि प्रत्येक तारेला एक लोखंडी खुंटी दिली. खुंटी फिरवली की तार चढते किंवा उतरते. पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनर लोकांच्या संघटनेने मला विकत घेतले आणि आपल्या सभागृहात खिडकीपासून दूर ठेवले. मला ऊन लागू नये, एवढी तेव्हा माझी काळजी होती.

माझे काम मोठे विचित्र होते. दरवर्षी परीक्षेआधी मला मुद्दाम बेसूर करत. मग उमेदवार मला सुरात लावी. मला त्याचे वाईट वाटत नसे. माझ्यामुळे कारागीर घडत होते.

परीक्षक बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांची एकच अट होती. पियानो लावला त्या दिवशी निकाल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकायचे. खुंटी नुसती फिरवली आणि घट्ट बसवली नाही, तर तार आपोआप उतरते. "गिऱ्हाईक आपण गेल्यावर वाजवतं," असे त्या म्हणत.

एका वर्षी अध्यक्षांचे जावई परीक्षेला बसले. त्यांनी तासाभरात मला लावून टाकले. सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी ताईंनी झाकण उघडले, तेव्हा माझ्या अकरा तारा उतरल्या होत्या. ताईंनी जावईबापूंना नापास केले.

अध्यक्ष धावत आले. "ताई, काल तर सूर लागला होता ना? सगळ्यांनी ऐकलं."

"काल लागला होता."

"घरचाच माणूस आहे. जरा सांभाळून घ्या."

"घरच्या माणसाला तीन महिन्यांनी परत बसवा. हात वाईट नाही त्यांचा. घाई वाईट आहे."

अध्यक्षांना हे फार झोंबले. महिन्याभरात सभा झाली आणि दुसऱ्या दिवसाची अट रद्द करण्याचा ठराव आला. ताईंनीच शिकवलेली माणसे समोर बसली होती. त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिले, मग एकेक हात वर गेला. ताईंनी माझे झाकण हलकेच लावले, चप्पल घातली आणि निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

जावईबापू त्याच आठवड्यात पास झाले. पाच वर्षांनी तेच परीक्षक झाले. मग परीक्षा कागदावरच होऊ लागली आणि मला हात लावायचे कारण उरले नाही. माझ्यावर फायली आल्या, चहाचे कप आले, फुलदाणी आली. तिचे पाणी झिरपून माझ्या डावीकडच्या पट्ट्या फुगल्या. भिंतीवर मात्र 'दर्जा हीच आमची ओळख' अशी नवी पाटी लागली.

परवा वार्षिक संमेलन होते. पाहुण्या म्हणून एक वृद्ध संगीतशिक्षिका आल्या होत्या. त्यांना दोन ओळी वाजवण्याचा आग्रह झाला. त्या हौसेने माझ्यासमोर बसल्या. पहिली ओळही पुरी न करता थांबल्या.

"हा कोणाचा पियानो?"

"संघटनेचाच," अध्यक्ष म्हणाले. "जुना आहे. बिघडलाय."

बाईंनी सभागृहभर नजर फिरवली. चाळीस ट्यूनर बसले होते.

"मग तुम्ही सगळे काय करता?"

कोणी जागचे उठले नाही. जावईबापूंनी घाईघाईने मोबाईलवर एक गाणे लावले, आणि त्या गाण्याला टाळ्या पडल्या.

मित्रांनो, मी जुना झालो, याचे मला दुःख नाही. पण जी वस्तू नीट करणे हेच तुमचे काम आहे, तिला 'बिघडली' म्हणून हात झटकू नका. निदान तिच्यासमोर तरी म्हणू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण ऐकू सगळे येते.