पुलाच्या पानाची जुनी प्रत

दुपारी दोनला थोरल्या भावाचा फोन आला, तेव्हा ती पूरनियंत्रण कक्षात बसली होती. पुराची माहिती देणारी वेबसाइट सांभाळणं हे तिचं काम.

"आईला घेऊन निघालोय. तुमच्या साइटवर खालचा पूल चालू दाखवतंय, तिकडूनच येतो."

पूल बंद झाल्याची नोंद तिनंच वीस मिनिटांपूर्वी केली होती.

"दादा, आधी गाडी थांबव! पूल बंद आहे. तुला दिसतंय ते जुनं आहे."

घोळ कुठे झाला ते तिला लगेच उमगलं. लाखो लोक एकदम साइट उघडत होते. एवढा भार एकट्या मुख्य सर्व्हरला झेपला नसता, म्हणून शहराशहरांतल्या सर्व्हरवर पानांच्या प्रती ठेवल्या होत्या. ज्याला त्याला जवळची प्रत मिळे. त्यावरच साइट तग धरून होती. पण प्रतींची मुदत तासाभराची होती, म्हणजे तासभर जुनंच पान दिसत राही, आणि पुलाच्या पानापुरती ती कमी करायची तिच्याकडून राहून गेली होती.

"सगळ्या प्रती पुसून टाक!" तिचं बोलणं ऐकून कक्षाचे साहेब ओरडले.

"सगळ्या पुसल्या तर गर्दी मुख्य सर्व्हरवर तुटून पडेल. तो बसला, की निवारा कुठे आहे हेही कुणाला दिसणार नाही. फक्त पुलाच्या पानाच्या प्रती काढते."

"काढ, पण लवकर!"

फोन चालूच होता. "पुलाच्या तोंडाशीच आहे मी, मागून गाड्या येतायत," दादा म्हणाला. "कुणी ऐकतच नाहीये." मग दार आपटलं, हॉर्नचा गदारोळ उठला आणि आईचा आवाज आला, "त्यानं गाडी रस्त्यात आडवी घातलीय. शिव्या खातोय. तू तुझं काम कर."

तिनं पानाचा पत्ता दोनदा तपासला आणि बटण दाबलं. मुख्य सर्व्हरचा भार चढू लागला. साठ टक्के. ऐंशी. त्र्याण्णव. मग आकडा हळूहळू उतरला. तिनं एकेका शहराची प्रत उघडून पुलापुढे काय दिसतंय ते पाहिलं. बंद. बंद. बंद.

"आई, लोकांना पान परत उघडायला सांग."

बराच वेळ नुसता कालवा ऐकू आला.

"वळतायत गं."

"सगळे?"

"एक टेम्पो आधीच पुढे गेला होता. सुखरूप पलीकडच्या काठावर चढला बघ आत्ता."

तिनं आधी पुलाच्या पानाच्या प्रतींची मुदत दहा सेकंदांवर आणली. मग साहेबांकडे वळली. "ही चूक माझी. अहवालात माझं नाव घाला."

"घालू. आधी वरच्या पुलाचं पान बघ, आता सगळे तिकडेच जाणार."