तीस ओव्यांचं पाणी

“केशरे, ओवी मधीच टाकू नगं. टाकलेल्या ओवीचं पीठ जाडं पडतं.”

आईचा हा आवाज चाळीस वर्षांमागचा. एका हातात जात्याचा खुंटा, दुसऱ्या हातानं जोंधळ्याची मूठ जात्याच्या तोंडात सोडायची, आणि ओवी चुकली की न थांबता, न बघता एवढंच म्हणायची. आई गेली. गावात पिठाची गिरणी आली, जातं दाराबाहेर पडलं. आवाज तेवढा राहिला. त्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या मोरीत रिकाम्या स्टोव्हपुढं उभ्या असलेल्या केशरबाईला तो इतका जवळून आला, की तिनं मागं वळून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं. पडद्यापलीकडं डॉक्टर महेंद्र बुद्धाची तसबीर पुसत होते. मघाशी एकदा पुसलेलीच.

“मावशी, अकरापर्यंत येतील नगरच्या मॅडम. घाबरायचं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं.”

“मी कशाला भिऊ?” असं म्हणून केशरबाईनं पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

सोनईतला हा दातांचा दवाखाना चार वर्षांचा. महेंद्र तिच्याच वस्तीतला, मास्तरांचा मुलगा. पाटी लागली त्या दिवशी वस्तीनं पेढे वाटले, आणि गावातले काही डोळे त्याच दिवसापासून ती पाटी उतरायची वाट बघत बसले. आता त्यांना फार बसावं लागणार नव्हतं. माघापासून गावात तिघांना कावीळ झाली होती आणि तिघांनीही दिवाळीनंतर इथंच दात काढले होते. रतनबाई तर नगरच्या दवाखान्यात खाटेला खिळली होती. कुणीतरी वर अर्ज केला. म्हणून ही तपासणी.

अवजारं उकळणं हे केशरबाईचं काम. चिमटे, पकडी, आरसे, सगळं एका डब्यात घालून पाण्यात बुडवायचं आणि उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं ठेवायचं. घड्याळाचे काटे तिला कधी उमगलेच नाहीत. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी पाहिलं, की ही स्टोव्हपुढं उभी राहून आईच्या ओव्या म्हणते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ लावलं. आईच्या आठ, भावाच्या सोळा, लेकराबाळांच्या सहा. तीस ओव्या, वीस मिनिटं. डॉक्टर पोट धरून हसले. “मावशी, तुमच्या घड्याळाला ना चावी लागते, ना सेल. शेवटची ओवी झाली की स्टोव्ह बंद करा.”

ती तसंच करत आली. ओव्या मोजायचं तिला कधी काम पडलं नाही. शेवटची ओवी आली की स्टोव्ह बंद.

आज मॅडमपुढं चुकायला नको म्हणून तिनं पहाटे घरी सराव केला. तीस दाणे जोंधळ्याचे सुपात मांडले. एक ओवी, एक दाणा बाजूला. शेवटची ओवी म्हणून झाली आणि सुपात दाणे उरले. तिनं ते मोजले. परत मोजले. सोळा.

पुंजाराम, तिचा एकुलता भाऊ, सुप्याला कंपनीत होता. भाऊबिजेला निघाला आणि रस्त्यात टेम्पोनं उडवला, जागीच गेला. तेव्हापासून त्याच्या सोळा ओव्या तिच्या तोंडून निघत नव्हत्या. आईच्या संपल्या की जीभ आपोआप लेकरांच्या ओव्यांवर उडी मारायची, जशी रस्त्यातली एखादी जागा आपण न बघता ओलांडतो. पाच महिने. आणि मागं बाजारच्या दिवशी डॉक्टर म्हणालेही होते, “मावशी, हात चालायला लागला हं तुमचा!” तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं.

तो दाण्यांचा ढीग आता तिच्या पोटात बसला होता.

जीप थांबली. शुभांगी मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या साडीच्या, चप्पल दाराबाहेर काढून आत आल्या. बाकड्यावर जयमाला बसली होती. शेजारच्या गल्लीतली लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. संक्रांतीला माहेरी आली होती, त्याच आठवड्यात तिची एक दाढ इथं काढली होती. आता दुसरी ठणकत होती.

“आज पेशंट नाहीत ना?” मॅडम म्हणाल्या.

“मी पेशंट न्हाई, मी बघ्या,” जयमाला म्हणाली. “तुमी आल्या म्हंजी आज माजी दाढ वाचली बघा.”

मॅडम हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी सुयांची पाकिटं उघडून पाहिली. थुंकायच्या भांड्याचा नळ सोडून पाहिला. वापरलेल्या कापसाचा डबा पाहिला. खुर्चीच्या हातावरून बोट फिरवून बोट उजेडात धरलं. कागदावर एकेक खूण पडत गेली. प्रत्येक खुणेला डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम थोडा कमी व्हायचा आणि केशरबाईच्या छातीतला ठोका थोडा वाढायचा.

मग मॅडम मोरीत आल्या.

“उकळता किती वेळ?”

“वीस मिनिटं,” केशरबाई म्हणाली.

“इथं घड्याळ दिसत नाही.”

डॉक्टरांनी ओशाळं हसून ओव्यांचं सांगितलं. मॅडमचं पेन थांबलं.

“ओव्या? डॉक्टर, हे मी कागदावर काय म्हणून लिहू?”

“एकदा वेळ लावून बघा, मॅडम. मी स्वतः लावून बघितलीय.”

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर ठेवलं. स्टोव्ह पेटला. चिमटे पाण्यात गेले. उकळी फुटली तशा त्या म्हणाल्या, “हं, म्हणा बाई.”

*मायेच्या हाताखाली, जातं फिरे सावकाश,*
*दाणा दाणा खाली पडे, वर उजेडे आकाश.*

तिचा आवाज कापत होता. आईच्या आठ झाल्या. आठवीच्या शेवटी ती जागा आली. इथून उडी मारली तर घड्याळात दहाही मिनिटं होणार नाहीत. मॅडमना कळेल. पाटी उतरेल. वस्तीच्या तोंडाला काळं लागेल, तेही तिच्या हातानं. केशरबाईनं भांड्याच्या काठाकडं पाहिलं. वाफ डोळ्यांत गेली. भीतीनंच तिच्या गळ्याला मागून धक्का दिला.

*दारात घंटी वाजे, सायकल कुणाची थांबली,*
*पुंजाराम बंधू माझा, त्याची सावली लांबली.*

पाच महिने बंद असलेलं दार उघडलं. एकामागून एक सोळाही आल्या. कुठं स्वर फुटला, कुठं शब्द ओला झाला, पण एकही तुटली नाही. शेवटच्या सहा ओव्या केशरबाईनं कशा म्हटल्या, तिचं तिला कळलं नाही.

“एकवीस मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. मग पहिल्यांदाच हसल्या. “यांच्या घड्याळाला दुरुस्ती नको. पण भिंतीवर एक लावा, डॉक्टर, कागदासाठी.”

त्यांनी शेवटची खूण केली आणि सही ठोकली.

“अवजारांत दोष नाही. म्हणजे काविळीचं कारण इथं नाही, पाण्यात बघावं लागेल. विहिरींचे नमुने पाठवते. दिवाळीनंतर दात काढलेल्या सगळ्यांना रक्त तपासायला नगरला बोलावणार होते, त्याची आता गरज नाही.”

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. एवढ्या दिवसांत त्यांचा चेहरा एवढा लहान मुलासारखा दिसला नव्हता. “मावशी,” ते हळूच म्हणाले, “वाचवलं तुम्ही.”

“चला, माजीबी सुई वाचली!” जयमाला एका हातानं भिंत, एका हातानं पोट धरून उठली. “मावशी, रडू आनलं बाई तुमी. बाळ आतून पाय झाडाया लागलं.”

केशरबाई तिच्याकडं बघत राहिली. संक्रांतीचा आठवडा. बाजारचा दिवस होता. डॉक्टरांनी पडद्याआडून हाक दिली होती, मावशी, पक्कड झाली का? आणि ती लगेच म्हणाली होती, झाली.

जीपचं इंजिन सुरू झालं. डॉक्टर मॅडमना पोचवायला पायरीपर्यंत गेले. दारापर्यंतची पाच पावलं केशरबाईनं भिंतीला धरून टाकली.

“मॅडम, थांबा.”

मॅडमनी जीपमधून मान बाहेर काढली. डॉक्टर वळले.

“त्यो कागद फाडा,” केशरबाई म्हणाली. आवाज आता कापत नव्हता, फक्त बारीक झाला होता. “आज तीस म्हटल्या. दिवाळीपासून म्या चौदाच म्हनत हुते. भावाच्या सोळा त्यो गेल्यापासून तोंडातून निघतच नव्हत्या. पानी तेवढंच उकळायचं. डॉक्टरास्नी ठाव न्हाई. मलाबी आज पहाटंच कळलं, दाने उरले तवा. जयेची दाढ काढली ती पक्कडबी चौदाच ओव्यांची हुती, मॅडम. तिला नगरला न्या. समद्यांना न्या.”