सूचना दिली होती

आमच्या गाडीला गावात ‘वरात’ म्हणतात, सगळं जळून झाल्यावर वाजतगाजत येते म्हणून. निलंग्याच्या अलीकडच्या एका लहान नगरपालिकेत मी बावीस वर्षं फायरमन आहे. गावाचं नाव सांगत नाही, सांगायला तोंड नाही. या बावीस वर्षांत आगी विझवल्या त्याहून जास्त वेळा मी हेलिपॅडची धूळ दाबली, मिरवणुकीचा रस्ता धुतला आणि एकदा तर नगरसेवकाच्या मुलीच्या लग्नात पाण्याच्या टँकरसारखी गाडी लावून उभा राहिलो. कडब्याच्या गंजीला आग लागली की आम्ही पोचेपर्यंत राख झालेली असते, आणि लोक दगड हातात घेऊन आमची वाट बघत असतात. काम झाल्यावर कुणी कधी ‘बसा, पाणी घ्या’ म्हणालं नाही. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं ते या भुकेपायी झालं.

मार्च महिना, सकाळचे अकरा. गंगम्मा नावाच्या बाईच्या घरी गॅसची टाकी गळत होती. नवी टाकी लावताना व्हॉल्व्हची पिन आत अडकून बसली होती. मुलगा संगप्पा कारखान्यावर कामाला गेलेला. घरात गंगम्मा आणि तिची सून ज्ञानेश्वरी, दोघीच. त्या शहाण्या निघाल्या. काही उचलत न बसता बाहेर आल्या आणि शेजाऱ्याच्या फोनवरून आम्हाला बोलावलं.

मी आणि ड्रायव्हर चांदपाशा असे दोघंच होतो. गल्लीच्या तोंडाशी मी मोठ्यानं सांगितलं, “बटनाला कुणी हात लावायचा न्हाई. बिडी-काडी बंद.” मग ओलं पोतं घेऊन आत शिरलो. टाकी पोत्यात गुंडाळून मागच्या मोकळ्या जागेत नेली, पिन सोडवली, टोपी बसवली. गल्लीतले पन्नासेक लोक श्वास रोखून बघत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही वेळेवर पोचलो होतो.

यानंतरचं काम कंटाळवाणं असतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा फरशीवर साचून राहतो. दारं-खिडक्या उघडून, खालून बाहेर हवा मारत अर्धा तास तरी थांबायचं आणि तोवर कुणाला आत सोडायचं नाही. गंगम्माच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडत नव्हती, बाहेरून शेजाऱ्याची भिंत आली होती. गॅस मोजायचं मशीन आमच्याकडं होतं, पण ते दोन वर्षं कपाटात बंद पडलेलं. राहिलं नाक. आणि नाकाचं असं, की थोडा वेळ गॅसमध्ये राहिलं की त्याला वासच येईनासा होतो. नव्या भरतीला हे मीच शिकवतो.

मी आत जाऊन हुंगलं. वास नव्हता. बाहेर येऊन दाराशी उभ्या गंगम्माला म्हणालो, “झालं अक्का. आता भ्याचं काम न्हाई.”

लांब थांबवलेल्या लोकांना शब्द ऐकू गेले नाहीत, पण मला बाहेर आलेलं बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मी कमरेचा पट्टा सारखा केला आणि गाडीकडं निघालो, तशी गंगम्मा आडवी आली.

“तसं कसं जाताव, अप्पा? घर राखलाव आमचं. मोकळ्या कपाळानं जाऊ देणार न्हाई मी.” आणि मागं वळून सुनेला म्हणाली, “ज्ञानू, ताट कर गं. निरंजन लावून आण.”

मी ते ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला.

चांदपाशा माझ्या कानाशी आला. “शेषेराव, टाईम झाला न्हाई अजून. पोरीला आत सोडू नको.”

“दोन मिनटं लागत्यात, मियाँ,” मी म्हणालो. “बाई मनापासून म्हणू लागली.”

आणि टोपी काढून केसांवरून हात फिरवला, टिळा नीट बसावा म्हणून. त्या क्षणाची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नाही. देवघर स्वयंपाकघरातच होतं, जमिनीलगत. ज्ञानेश्वरी तिथं खाली बसली आणि तिनं काडी ओढली.

आवाज फार मोठा झाला नाही. नुसतं भप्प झालं आणि दारातून झळ आली. मी धावत आत गेलो, तिला पोत्यात गुंडाळून बाहेर काढली. माझे दोन्ही तळहात भाजले. पेपरात माझा पट्ट्या बांधलेला फोटो आला. ज्ञानेश्वरी लातूरच्या दवाखान्यात आठ दिवस होती, नवव्या दिवशी गेली.

चौकशी झाली. साहेबांनी कागद पुढं ओढून विचारलं, “सूचना दिली होती ना?”

“दिली होती,” मी म्हणालो. बटनाची दिली होतीच की. साहेबांनी लिहून घेतलं: ‘सूचना देऊनही घरातील महिलेने ज्योत पेटवली.’ खाली मी सही केली. चांदपाशानं सांगितलं, तो गाडीत होता, त्याला काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर मी त्याचे आभार मानायला गेलो तर म्हणाला, “तुझ्यासाठी न्हाई केलं. मला दोन लेकरं हायत.” त्या दिवसापासून तो कामापुरतं बोलतो.

गावानं न्याय करून टाकला. सासूनंच सुनेला जाळात पाठवलं. ज्ञानेश्वरीच्या माहेरचे येऊन दारात थुंकून गेले. संगप्पानं आईशी बोलणं सोडलं.

दीड महिन्यानं गंगम्मा आमच्या ठाण्यावर आली. एकटी, चालत. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. चांदपाशा गाडीचं चाक बघत होता, तो तसाच वाकून राहिला.

“एकच इचारायला आलेय, अप्पा,” ती म्हणाली. “तुमी त्या दिवशी म्हणलाव का न्हाई, भ्याचं काम न्हाई म्हणून? माझ्या कानानं ऐकल्यावानी वाटतंय. पोरगा म्हणतो, तू खोटं रचलीस. आता मलाबी कळंना झालंय, ऐकलं का मनानं जोडलं ते. तुमी म्हणलाव तसं धरीन मी.”

होकाराचा एक ‘हाव’ म्हणायचा होता. तेवढ्यानं तिचा मुलगा तिच्याशी बोलला असता. निवृत्तीला माझी तीन वर्षं राहिली आहेत. निलंबन, केस, गावभर छी-थू, सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. आणि खरं सांगायचं तर तो पेपरातला फोटोसुद्धा गेला.

“न्हाई अक्का,” मी म्हणालो. “आमच्यात तसं कुणी म्हणत नसतं.”

तिनं मान हलवली.

“मग मीच केलं म्हणायचं,” ती म्हणाली. “आन् घरात बसून तुमच्या नावानं बोलत होते मी, इतके दिवस. तुमचे हात भाजले माझ्यापायी. माफ करा, अप्पा.”

तिनं हात जोडले. ती जावी म्हणून, लवकर जावी म्हणून, मी म्हणालो, “जाऊ द्या अक्का. मी काही मनात धरत न्हाई.”