मेण लावलेला दोरा

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. इकडे बाकावर बसा. तुम्हाला एका शिंप्याची गोष्ट सांगतो. संपली की तुम्ही विचाराल, मग चूक कोणाची? तेवढं विचारू नका. ते विचारून विचारून मोठमोठ्या साहेबांनी हात टेकले, तिथे मी कोण?

छावणीचं फाटक आहे ना, त्याच्या बरोब्बर समोर, रस्ता ओलांडला की मास्तरचं दुकान. शिंपी म्हणून मास्तर, नाहीतर शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या शिवायचा. खोली ही एवढीशी. पायमशीन, इस्त्रीचं टेबल, खिळ्याला टांगलेली मोठी कात्री. मागे पडदा आणि पडद्यामागे घर. छावणीतले सगळे गणवेश त्याच्या हाताखालून जायचे. हात सोन्याचा, पण डोळ्यांनी दगा दिलेला. सुईचं नेढं काही केल्या दिसायचं नाही. म्हणून त्याची एकुलती एक लेक रोज सकाळी सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. लग्न झालं तरी तो नेम चुकला नाही. चुकणार कसा? जावई छावणीतलाच शिपाई, राहायला आतल्या क्वार्टरमध्ये. रस्ता ओलांडला की सासर, परत ओलांडला की माहेर.

जावयाची ड्यूटी फाटकावर. आता त्या फाटकाची गंमत ऐका. संतरी उभा, खांद्याला रायफल, आणि रायफल रिकामी! काडतुसं कमरेच्या कापडी थैलीत, आणि थैलीचं तोंड शिवलेलं. हसू नका, खरं सांगतोय. झालं होतं असं, की फार मागे एका संतऱ्याला डुलकी लागली, बोट पडलं नको तिथे, गोळी सुटली ती थेट साहेबांच्या बंगल्यावरच्या पाण्याच्या टाकीत. साहेब तेव्हा अंघोळीला बसले होते. साबण लावलेल्या अंगाने, पंचा सावरत बाहेर आले आणि ते अख्ख्या छावणीने पाहिलं. माणूस मेला असता तर चौकशी झाली असती आणि विसरली गेली असती. गेली साहेबांची अब्रू, म्हणून हुकूम निघाला. आपलाच मुलूख, आपलीच माणसं, इथे कोण येतंय मारायला? थैल्या शिवून टाका.

शिवायचं काम अर्थातच मास्तरकडे. आणि रोज सकाळी पहारा बदलताना सुभेदार प्रत्येकाच्या थैलीला हिसका देऊन बघायचा. टाका तुटलेला दिसला की झालाच तमाशा. त्यामुळे पोरं फाटक कमी राखायची, टाका जास्त.

एकदा जावयाचा टाका तुटला. भिंतीला टेकून टेकून दोरा झिजला होता, बाकी काही नाही. सुभेदाराने हिसका दिला आणि थैलीने तोंड उघडलं.

"कोणावर झाडणार होतास रे? सासऱ्यावर का?"

"साहेब, दोरा जुना झाला होता."

"मग सुट्टी पण जुनी झाली. रद्द!"

आणि सुट्टी कसली, तर बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती. मुलगी झाली, नाळ कापली, घरी आली, तेव्हा कुठे बापाने तिचं तोंड पाहिलं.

त्यानंतर जावई दुकानात आला, थैली मशीनवर आपटली आणि म्हणाला, "मामा, असा टाका घाला, की सुभेदार धरून लोंबकळला तरी तुटता कामा नये."

"अहो जावईबापू, थैलीला हत्ती बांधायचाय का?"

"हत्ती परवडला, मामा. हत्ती निदान सुट्टी खात नाही."

लेक पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, चपला शिवायचा दोरा घ्या ना. तो मेण लावलेला. थांबा, मीच ओवून देते."

दिला ओवून. दुहेरी दोरा, त्याला मेण. मास्तरने त्या दिवशी अशी शिवण घातली, की स्वतःच दोनदा ओढून बघितली आणि खूश झाला. दुसऱ्या दिवशी सुभेदाराने हिसका दिला, तर थैली हलली नाही, जावईच पुढे ओढला गेला. सगळी रांग हसली. सुभेदारही हसला. "याला म्हणतात शिवण!" म्हणाला.

आता पुढचं सांगताना माझीच जीभ जड होते, पण सांगायला बसलोय तर सांगायलाच हवं.

भर दुपारची वेळ. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मास्तर एका पाटलोणीच्या पायाची किनार दुमडत होता. समोर फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. बरा दिसणारा, इस्त्रीचे कपडे. कोण, कुठला, डोक्यात काय घेऊन आला होता, ते पेपरांत रोज नवीन छापून आलं, खरं कोणालाच कळलं नाही. त्याने कोटातून बंदूक काढली आणि पहिली गोळी वरच्या पाटीवर झाडली. नवशिका असावा. दुसरी मारायला त्याला वेळ लागला. बंदूक अडकली, तो तिच्याशी झटत बसला.

त्या वेळात जावयाने काय केलं? पळता आलं असतं. पण आत मागे कारकून होते, क्वार्टर होत्या, बायकोपोर होती. तो पळाला नाही. त्याने थैलीला हात घातला. ओढली. परत ओढली. मग वाकला आणि दातांनी टाका तोडायला लागला.

मास्तर हे सगळं बघत होता. नेढं न दिसणारे डोळे, पण लांबचं लख्ख दिसायचं. त्याने खिळ्यावरची कात्री ओढली आणि पळत सुटला. हातात कात्री, मध्ये नुसता एक रस्ता. पण रस्ता म्हातारपणी फार रुंद होतो हो. तो अर्ध्यावर असताना त्या माणसाची बंदूक सुरू झाली.

मग आतून माणसं फावडी, दांडकी घेऊन धावली आणि त्याला आडवा केला. जावई फाटकाला टेकून बसला होता. थैली अजून तोंडात होती.

चौकशी बसली. टेबलावर थैली ठेवलेली. मोठ्या साहेबांनी ती उचलली, उलटीपालटी केली आणि सवयीने हिसका दिला. टाका एकही सुटला नव्हता. मेणात दात उमटलेले, बस. साहेब म्हणाले, "थैली नियमाप्रमाणे बंद होती." तसं लिहून घेतलं. सुभेदार स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मास्तर कोपऱ्यात उभा होता. त्याला वाटलं, कोणीतरी आपल्याला विचारावं, एवढी पक्की का शिवलीस? त्याचं उत्तरही त्याने तयार ठेवलं होतं. पण कोणी विचारलं नाही. नियमाप्रमाणे होतं ना सगळं!

लेक पोरीला घेऊन पडद्यामागे राहायला आली. बापाला कधी एका शब्दाने बोलली नाही. स्वयंपाक करायची, पोरीला निजवायची. फक्त सकाळी सुया ओवायची बंद झाली. मास्तर दोरा थुंकीने ओला करायचा, नेढ्याशी झटायचा, शेवटी रस्त्यावरच्या कोणालातरी हाक मारायचा. लेक पडद्याआडून ऐकायची. यायची नाही.

मग मास्तर चहाच्या टपरीवर भांडायला लागला. ज्याला त्याला धरून एकच: "शिपायाला भरलेलं हत्यार द्या! नाहीतर हातात झाडू द्या!"

एक निवृत्त हवालदार होता, दाढेखाली सतत सुपारी धरणारा. तो एकटाच म्हणाला, "मास्तर, तुझं दुःख खरं. पण मी सीमेवर भरलेली बंदूक घेऊन फिरलोय. तिकडे समोर दिसेल तो परका. तेच डोळे घेऊन पोरं इथे उभी राहिली, तर दूधवालासुद्धा परका दिसेल. साप साप म्हणून भुई धोपटतील."

"तुझा जावई गेला का रे?" मास्तर ओरडला. "नाही ना? मग तोंड मिट!"

हवालदाराने सुपारी दुसऱ्या दाढेखाली सरकवली. अशा वेळी दुसरं काय करणार?

शेवटी हुकूम निघालाच. वरातीमागून घोडं. थैल्या उघडा, रायफली भरा. सगळ्या थैल्यांचा ढीग दुकानात येऊन पडला. मास्तरने स्वतः एकेक टाका उसवला. उसवायला सुई ओवावी लागत नाही. कात्री घेतली आणि कचाकच, कचाकच. लेकीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम जोराने. शेवटची थैली उसवून झाली तेव्हा त्याने पडद्याकडे बघितलं. पडदा हलला नाही.

फाटकावर नवा संतरी आला. मिसरूड जेमतेम फुटलेलं. आणि लेकीला पेन्शनच्या कागदासाठी आत जायचं होतं. पोरीला कडेवर घेऊन ती निघाली. थोड्या वेळाने परत आली ती पांढरीफटक पडून, इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी राहिली.

"काय गं? काय झालं?"

"पास काढायला पिशवीत हात घातला, बाबा."

"मग?"

"त्याने रायफल रोखली. हात वर, हात वर, म्हणून ओरडत होता. हात वर कसे करणार? पोर पडली असती ना!"

"त्याला कळलं नाही तू कोण ते?"

"कोणालाच काही कळत नव्हतं. त्याचं बोट चापावर होतं." मग ती थांबली. किती दिवसांनी बापाशी एवढं बोलत होती. "बाबा, मी त्याच्या तोंडाकडे नाही बघितलं. त्याच्या कमरेकडे बघितलं. म्हटलं, देवा, टाका असू दे. शिवलेली असू दे. मी! मी असं म्हटलं, बाबा. यांची बायको असून."

मास्तरने पोरीला तिच्या कडेवरून घेतलं. आगीतून निघाला तो फुफाट्यात.

संध्याकाळी तोच संतरी दुकानात आला. चोरासारखा आजूबाजूला बघत. थैली आणि सुटी काढलेली काडतुसं मशीनवर ठेवली.

"मास्तर, माझी तेवढी शिवून द्या."

"हुकूम उघड्याचा आहे. सुभेदाराने पाहिलं तर?"

"ओरडू दे. मी रायफल रिकामीच ठेवणार. मास्तर, आज माझं बोट अर्ध्यावर गेलं होतं. बाईच्या कडेवर पोर होती." "पण कोणी खरंच आलं तर? मला त्या दादांसारखं मरायचं पण नाही. मला कळत नाही मास्तर, काय करू. तुम्हीच काहीतरी करा."

मास्तरने थैली हातात घेतली. उघडी दिली तर कोणाची तरी लेक जाणार, बंद केली तर कोणाचा तरी जावई.

तेवढ्यात पडदा सरला. लेक बाहेर आली. संतऱ्याने तिला ओळखलं आणि ताडकन उभा राहिला. "ताई..." म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. खण उघडला, मेणाच्या दोऱ्याचं रीळ बाजूला सारलं आणि साध्या सुताचा एक पदर काढला. एकेरी. उजेडाकडे धरून सुई ओवली आणि बापाच्या हातात दिली.

"कच्चा टाका घाला," म्हणाली. "नवीन कपडा अंगावर घालून बघताना घालता ना, तसला. एका हिसक्यात निघणारा."

एवढंसं काम. लहान पोरालाही जमेल असला टाका. मास्तरने तो घातला आणि घालताना घळाघळा रडला. हाच टाका त्या दिवशीही हाताशी होता हो! पण तेव्हा सगळ्यांनाच सुभेदाराच्या हिसक्याची भीती. समोरून दुसरंच कोणी येईल, हे कोणाच्या मनात होतं?

लेक परत पडद्याआड गेली. दुसऱ्या दिवशी उशीत सुया ओवलेल्या नव्हत्या.

आता काही पोरं गुपचूप येऊन कच्चा टाका घालून जातात, काही नाही येत. सुभेदाराला माहीत आहे की नाही, देव जाणे. तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगतो, हे कुठे बोलू नका. आणि इथून निघालात की त्या फाटकावरूनच जाल, तर हळू चाला आणि हात खिशाबाहेर ठेवा. कोणाची थैली शिवलेली आणि कोणाची उघडी, ते रस्त्यावरून दिसत नाही.